चाळीसगावचं केकी मूस यांचं घर आणि पाटणादेवीचा काळा डोंगर: थंडीतल्या एका दिवसाच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका दिवसात नेमकं काय काय होतं?

दोनच ठिकाणं, पण दोन्ही पोटभर. सकाळी पाटणादेवीचं खोरं, म्हणजे चाळीसगावच्या नैर्ऋत्येला साधारण १८ किलोमीटरवर सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी असलेलं जंगल, चंडिकादेवीचं मंदिर, जुनं महादेव मंदिर आणि सभोवतीचे बसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे, कडे. दुपारी चाळीसगाव स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं घर.

यात पितळखोऱ्याची लेणी, वेरूळ, कन्नडचा घाट असं सगळं कोंबायचा मोह अनेकांना होतो. तसं केलं की प्रत्येक ठिकाणी गाडी लावायची, फोटो काढायचा आणि पळायचं एवढंच उरतं. मूस यांच्या घरात घाईने फिरणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. त्यामुळे आमचा सल्ला ठाम आहे: एक डोंगर, एक घर.

आधी डोंगर की आधी घर?

आधी डोंगर. कारण उजेड. सकाळी नऊ ते अकरा या वेळात ऊन तिरपं असतं आणि कड्यावरचे लाव्हाचे थर एकावर एक सुटे दिसतात. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तोच कडा सपाट, करडा दिसतो आणि थर मोजता येत नाहीत. शिवाय थंडीतही इथे दुपारी बारानंतर उघड्या खडकावर चांगलंच तापतं.

घराच्या बाबतीत एक काळजी घ्या. ते एका विश्वस्त संस्थेकडून जपलेलं खासगी स्वरूपाचं संग्रहालय आहे, मोठ्या सरकारी वास्तूसारखं दिवसभर सताड उघडं नसतं. आदल्या दिवशीच विचारून वेळ ठरवून घ्या आणि किती माणसं येणार तेही सांगा. त्यांनी सकाळचीच वेळ दिली तर क्रम उलटा करा. मग डोंगरावर दुपारी तीननंतर जा, तेव्हाही ऊन पुन्हा तिरपं होतं. फक्त अंधाराच्या आत जंगलातून बाहेर पडायचं आहे, हे लक्षात ठेवा.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात धबधबे भरून वाहतात, पण झाडोरा इतका माजतो की खडक झाकला जातो, आणि शेवाळामुळे पाय घसरतात. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशचा पारा ४० च्या पुढे असतो, तेव्हा नाव काढू नका. ज्वालामुखीचा खडक वाचायचा तर पानगळ सुरू झालेली हवी आणि हवा कोरडी हवी, म्हणजे हिवाळाच.

डिसेंबर-जानेवारीतल्या शनिवार-रविवारी शाळांच्या सहली येतात. दोन-तीन बस एकदम आल्या की मंदिराच्या आवारात उभं राहायला जागा उरत नाही. शक्य असेल तर मधला वार धरा. नवरात्रात आणि चैत्रात देवीच्या यात्रेची गर्दी असते. दर्शनासाठी यायचं असेल तर तेव्हा या, खडक पाहण्यासाठी नको.

थंडी खरंच तेवढी असते का? कपडे कोणते घ्यावेत?

असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण ८ ते १२ अंश असतं आणि उत्तरेकडून लाट आली की त्याहून खाली जातं. दुपारी मात्र २८-२९ अंश. एका दिवसात १७-१८ अंशांचा फरक म्हणजे एक जाड जॅकेट अगदी चुकीची निवड. सकाळी ते पुरत नाही आणि अकराला ते हातात धरून हिंडावं लागतं.

अंगात सुती बनियन किंवा टीशर्ट, त्यावर पूर्ण बाहीचा शर्ट, त्यावर पातळ स्वेटर आणि वारा अडवणारं पातळ विंडचीटर. साडेनऊला विंडचीटर निघतं, साडेदहाला स्वेटर. कानटोपी किंवा मफलर हवाच, विशेषतः दुचाकीवरून येणाऱ्यांना. पाटणादेवीचं खोरं गावापेक्षा गार वाटतं. रात्री उतारावरची थंड हवा जड होऊन खाली दरीत साचते आणि कड्यांच्या सावलीमुळे ऊन उशिरा पोचतं. गावात जाकीट काढलं तरी तिथे पुन्हा घालावं लागतं.

पायात तळव्याला खाचा असलेले बूट घाला. पँट गुळगुळीत कापडाची असू द्या. लोकरी मोजे आणि लोकरी पँट यांना कुसळी गवताची कुसळं अशी रुततात की काढता काढता तास जातो. ती त्वचेतही शिरतात. मोजे बुटाच्या बाहेर दिसणार नाहीत असे आखूड घाला किंवा वरून पँट सोडा. हवा फार कोरडी असल्याने ओठ आणि टाचा फुटतात, व्हॅसलीनची छोटी डबी खिशात ठेवा.

कसं पोचायचं?

चाळीसगाव हे मुंबई–भुसावळ मार्गावरचं जंक्शन आहे, इथून धुळ्याला फाटा जातो. जळगावकरांना रेल्वे सर्वांत सोपी: साधारण सव्वा ते दीड तास. रस्त्याने पाचोरा, भडगाव करत शंभरेक किलोमीटर, अडीच तास धरा. धुळ्याहून राष्ट्रीय महामार्गाने साधारण ५५ किलोमीटर, सव्वा तास. नंदुरबारकरांनी आदल्या रात्री धुळ्याला किंवा चाळीसगावला मुक्काम करावा. तिथून पहाटे निघून एका दिवसात परत जाणं दमवणारं आहे.

स्टेशनबाहेर रिक्षा आणि जीप मिळतात. पाटणादेवीला जाण्या-येण्याचे आणि तिथे चार तास थांबण्याचे पैसे निघण्याआधीच ठरवा. नुसतं सोडायला सांगितलं तर परतीला वाहन मिळायची खात्री नसते. एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात, त्यांच्या भरवशावर डोंगराचं वेळापत्रक आखू नका.

दिवसाचं वेळापत्रक कसं आखावं?

जानेवारीच्या सुरुवातीला या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाला मावळतो, म्हणजे हातात अकरा तासही नसतात. चाळीसगावातून आठला निघा, पावणेनऊला वनविभागाच्या नाक्यावर. तिथे नाव-गाडीची नोंद आणि शुल्क. सुटे पैसे ठेवा, जंगलात मोबाइलला रेंज लागेलच असं नाही आणि ऑनलाइन पैसे अडकतात. नऊ ते साडेबारा डोंगर आणि मंदिरं. दीडला गावात जेवण. तीन ते पाच मूस यांचं घर. पाचला परतीचा रस्ता.

खानदेशात ज्वालामुखी? तोंड तर कुठेच दिसत नाही.

दिसणार नाही, कारण इथे शंकूसारखा डोंगर फुटला नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पसरत गेला. थांबला, थिजला, पुन्हा आला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. आज त्याचा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग उरला आहे. सातमाळा म्हणजे त्याच पठाराची उत्तरेकडची कापलेली कड. तापी-गिरणेच्या बाजूने उभं राहून पाहिलं की ही कड छेद घेतल्यासारखी समोर येते.

ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्यांतल्या काही भेगांतच तो थिजून राहिला. आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि भेगेतला कठीण खडक उभ्या भिंतीसारखा शिल्लक राहिला. अशा भिंतींना भूगर्भशास्त्रात डाइक म्हणतात, आणि त्यांच्यासाठी धुळे-नंदुरबार हा भाग जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. तिथे दोनशेहून अधिक डाइक नकाशावर नोंदवलेल्या आहेत, बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम धावतात. सर्वांत लांब डाइक साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाते, लांबी सुमारे ७९ किलोमीटर. धुळ्याकडून येत असाल तर सपाट रानातून उठलेली काळ्या दगडांची अरुंद, सरळ, लांबलचक टेकडी दिसली की गाडी बाजूला घ्या. गावकरी तिला टेकडी म्हणतात, आणि दिसायलाही ती टेकडीच. पण तुम्ही पाहता आहात ती लाव्हाची वाट आहे. चाळीसगावला पोचायच्या आधीच सहलीचा पहिला धडा तिथे मिळतो, तोही फुकट.

पाटणादेवीच्या डोंगरात नेमकं काय ओळखायचं?

आधी लांबून पाहा. मंदिराच्या आवारातून समोरच्या कड्याकडे तोंड करा आणि उभा कडा, मग गवताळ उतार, मग पुन्हा उभा कडा असा क्रम मोजा. लाव्हाच्या एका प्रवाहाचा मधला भाग सावकाश थंड होतो, तो घट्ट आणि कठीण. तो कडा होऊन उभा राहतो. प्रवाहाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, तो सच्छिद्र आणि लवकर झिजणारा; त्याचा उतार होतो आणि त्यावर गवत-झुडपं उगवतात. म्हणजे एक कडा अधिक एक उतार म्हणजे ढोबळमानाने एक प्रवाह. जाडी काही मीटरपासून काही दशक मीटरपर्यंत काहीही असते. नवख्या माणसाने मोजलेला आकडा एक-दोनने चुकतो, कारण काही प्रवाह लहान लहान जिभांनी बनलेले असतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मग जवळ जा. ओढ्याच्या पात्रात, जिथे पाण्याने खडक धुतलेला असतो तिथे, चार गोष्टी शोधा.

पहिली, भोकं. गोल भोकं दाट असतील तर तुम्ही प्रवाहाच्या माथ्याजवळ आहात. बारीक, उभ्या नळ्यांसारखी भोकं दिसली तर तळाशी आहात. खालच्या ओलसर जमिनीतून किंवा लाव्हातूनच निघालेला वायू तिथून वर चढत होता.

दुसरी, पांढरे डाग. भोकांमध्ये नंतर पाणी झिरपलं आणि त्यातले क्षार साचून झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ ही खनिजं तयार झाली. उन्हात चमकणारे पांढरे किंवा फिकट गुलाबी ठिपके म्हणजे हेच. ओल्या खडकावर ते जास्त उठून दिसतात, म्हणून बाटलीतलं थोडं पाणी खडकावर शिंपडून पाहा.

तिसरी, तांबडा पट्टा. दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेच्या रंगाचा मऊ थर दिसला तर थांबा. दोन उद्रेकांमध्ये जो काळ गेला, त्यात जुन्या लाव्हाचा वरचा भाग कुजून माती झाली. पुढचा लाव्हा तिच्यावर आला आणि ती भाजली गेली. खडक साचत नव्हता त्या काळाचा पुरावा म्हणजे हा पट्टा. मुलांना हा एक पट्टा समजला तरी सहल सार्थकी लागली असं आम्ही मानतो.

चौथी, सुटणारे गोल गुंडे. सांध्यांमधून पाणी शिरून खडकाच्या चौकोनी तुकड्यांचे कोपरे आधी कुजतात आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर निघत जातात. मध्ये कठीण गोळा उरतो. वाटेवरच्या मुरमाच्या खाणींत हे सर्वांत छान दिसतं. हाच मुरूम आणखी कुजला की त्याची काळी, पाणी धरून ठेवणारी माती होते, जिच्यावर आपला कापूस उभा आहे.

एखादा चमकणारा दगड घरी न्यावा का?

नाही. हा भाग १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. अभयारण्यातून दगड, रोपं, पिसं काहीही उचलणं कायद्याने गुन्हा आहे. हातोडीही नेऊ नका. भिंग न्या, मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून फोटो काढा, मापासाठी शेजारी एक नाणं ठेवा.

महादेव मंदिरात काय विशेष?

ते बाराव्या शतकातलं आहे. मंदिर त्याच काळ्या दगडात आहे ज्याचा कडा मागे दिसतो, हे सांगितल्याशिवाय बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घडीव दगडाला भोकं नाहीत हे हात लावून पाहा. कारागिरांनी प्रवाहाचा मधला, घट्ट भाग निवडला. भोकं असलेला दगड कोरीव कामाला चालत नाही, नक्षीची धार तुटते.

हे पाटण तेव्हा निकुंभ घराण्याच्या सत्तेखालचं गाजतं गाव होतं. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या गणिती भास्कराचार्यांशी याचं नातं शिलालेखामुळे पक्कं आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला आणि त्याला दान मिळालं. इ.स. १२०७ चा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत, आणि त्यात बाजारातल्या मालावरचा कर मठाला कसा मिळावा याचा हिशेब आहे. गणिताच्या शाळेचा खर्च गावच्या बाजाराने उचलला होता! ज्याला शिक्षणाची आस्था आहे त्याने या मंदिरासमोर दहा मिनिटं जास्त थांबावं.

धबधबा दिसेल का?

केदारकुंड आणि धवलतीर्थ ही दोन नावं सगळे घेतात. दिवाळीनंतर पाणी झपाट्याने कमी होतं. पावसाळा चांगला झाला असेल तर डिसेंबरात बारीक धार असते, जानेवारीत बहुधा कुंडातलं साचलेलं पाणीच. पण खडक पाहणाऱ्याला हेच बरं: धार नसल्याने तिच्यामागचा कठीण थर आणि त्याखालचा पोखरलेला मऊ थर उघडा दिसतो, आणि धबधबा नेमका इथेच का पडतो ते कळतं.

कुंडात उतरू नका. काठ गुळगुळीत झालेला असतो, तळ दिसत नाही, आणि सकाळचं पाणी इतकं गार असतं की पोहता येणाऱ्याचेही हातपाय आखडतात. वाट ओढ्यातल्या गोट्यांवरून जाते. पाऊल टाकताना आधी दगड हलतो का ते टाचेने तपासा. वाटेसाठी नाक्यावरून स्थानिक वाटाड्या घ्यावा. या वाटा गुराख्यांच्या वाटांत मिसळतात आणि माणसं तिथेच चुकतात.

पितळखोरा त्याच दिवशी करता येईल?

पाटणादेवी सोडून दिलीत तर येईल. दोन्ही आणि वर मूस यांचं घर, हे नाही.

पितळखोऱ्याची लेणी त्याच डोंगराच्या वरच्या अंगाला, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या हद्दीत आहेत. गाडीने जायचं तर कन्नडचा औट्रम घाट चढून घाटमाथ्यावरून पश्चिमेला वळावं लागतं. घाटात वाहनांची कोंडी झाली की दोन-दोन तास हलता येत नाही, म्हणून वेळेचा हिशेब सैल ठेवा. खालून पाटणादेवीकडून दरीतून चढणारी पायवाट आहे. ती वनविभागाला विचारून आणि वाटाड्या घेऊनच.

लेणी इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या बौद्ध लेण्यांपैकी. इथली बरीच लेणी कोसळलेली आहेत, आणि त्याचं कारण खडकातच आहे: आडव्या थरांच्या सांध्यांतून आणि उभ्या भेगांतून पाणी झिरपत राहिलं, छत सुटत गेलं. कारागिरी उत्तम असूनही थराची निवड नडली. इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सुवर्णकाराचं नाव कोरलेलं आहे. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव कळावं, हे फार थोड्या ठिकाणी घडतं.

मधमाशा आणि बिबट्याची भीती किती?

बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाची जास्त. कड्याच्या पुढे आलेल्या कातळाखाली मोठमोठी पोळी लटकलेली असतात, पितळखोऱ्यालाही आणि या खोऱ्यातही. माशा धुराने, उग्र अत्तराने, ओरडण्याने आणि पोळ्याजवळ उडवलेल्या ड्रोनने पिसाळतात. म्हणून विडी-सिगारेट नाही, सेंट नाही, पोळ्याखाली थांबणं नाही. माशा उठल्याच तर हात झटकू नका. तोंड आणि मान कपड्याने झाकून सरळ लांब पळा, झाडीत किंवा बंद गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. ज्यांना माशी चावल्यावर अंगावर गांधी उठतात किंवा दम लागतो त्यांनी डॉक्टरांनी दिलेलं औषध खिशातच ठेवावं, गाडीत नव्हे.

बिबट्या आहे. तो पहाटे आणि संध्याकाळी फिरतो, म्हणून नऊच्या आधी आणि पाचच्या नंतर पायवाटेवर राहू नका, आणि लहान मुलांना पुढे पळू देऊ नका. वानरांना खायला घालू नका. हातातली पिशवी ओढतात.

केकी मूस कोण होते?

कैखुश्रू माणेकजी मूस. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबई, पारशी घराणं. परदेशात शिक्षण घेऊन ते चाळीसगावला आई-वडिलांच्या घरी परतले आणि नंतरची जवळपास पन्नास वर्षं त्यांनी याच घरात काढली. घराबाहेर पडल्याचे प्रसंग बोटावर मोजण्याइतके. विनोबा भावे यांचं छायाचित्र काढण्यासाठी ते बाहेर आले, हा त्यांतला सर्वांना माहीत असलेला. मृत्यू ३१ डिसेंबर १९८९, इथेच.

घराला त्यांनी ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’ नाव दिलं. रेम्ब्राँ हा सतराव्या शतकातला डच चित्रकार, अंधारातून एका बाजूने येणाऱ्या उजेडाचा बादशहा. हे नाव लक्षात ठेवून आत जा, कारण मूस यांची व्यक्तिचित्रं त्याच उजेडात घेतलेली आहेत. छायाचित्रांसोबत चित्रं, काष्ठशिल्पं, मातीकाम, कागदाच्या घड्यांची कला, पुस्तकं असा त्यांचा पसारा होता.

घरात नेमकं काय आणि कसं पाहावं?

सर्वांत जास्त वेळ टेबलटॉप छायाचित्रांना द्या. वाळू, कापूस, कागद, काड्या अशा हाताशी असलेल्या वस्तूंनी टेबलावर छोटा देखावा उभा करायचा, त्यावर दिवा असा सोडायचा की तो खराखुरा डोंगर, खरं बर्फ, खरं गाव वाटावं, आणि मग छायाचित्र घ्यायचं. घर न सोडणाऱ्या माणसाने जगातले देखावे टेबलावर आणले. लोक चुकतात ते इथे: निसर्गदृश्य समजून दोन सेकंदांत पुढे जातात.

पाहायची रीत अशी. आधी तीन-चार पावलं मागे उभं राहून अख्खं दृश्य पाहा. मग जवळ जाऊन सावल्या पाहा: सगळ्या एकाच दिशेने पडल्या आहेत का, कडा किती धारदार आहेत. दिवा जवळ असला की सावल्या पसरत जातात, सूर्याच्या उजेडातल्या सावल्या मात्र एकमेकींना समांतर राहतात. तिथे गुपित उघडं पडतं. मग ‘बर्फ’ किंवा ‘खडक’ कशाचा असेल याचा अंदाज करा आणि दाखवणाऱ्या माणसाला विचारा. सकाळी तुम्ही खरा खडक जवळून पाहिलेला असतो, त्यामुळे दुपारी हा खोटा खडक दुप्पट चांगला कळतो. डोंगर आधी ठेवण्याचं हे दुसरं कारण.

घर लहान आहे. पंधरा-वीस जणांचा गट असेल तर दोन भाग करा, नाहीतर मागच्यांना पाठीच दिसतात.

आत फोटो काढता येतात का?

विचारल्याशिवाय नाही, आणि परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद. जुन्या छायाचित्रांचा कागद उजेडाने पिवळा पडतो आणि एकदा गेलेली छटा परत येत नाही. काचेला, चौकटीला हात लावू नका; पाठीवरची सॅक गाडीत ठेवा.

पंजाब मेलची गोष्ट खरी आहे का?

गावात ती अशी सांगतात: मुंबईला असताना त्यांचं जिच्यावर प्रेम होतं ती पंजाब मेलने येईन म्हणाली होती, म्हणून रोज रात्री ती गाडी येऊन जाईपर्यंत मूस घराचं दार उघडं ठेवत, दोघांचं जेवण मांडून ठेवत, आणि गाडी गेल्यावरच जेवत. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट आहे, ती आदराने ऐकावी. पण सगळा वेळ तिलाच दिला तर अन्याय होतो. पन्नास वर्षं रोज काम करणारा कलावंत हा त्याच्या वाट पाहण्यापेक्षा मोठा विषय आहे, आणि ते काम समोर भिंतीवर लावलेलं आहे. एक योगायोग मात्र सांगण्यासारखा: पंजाब मेल १ जून १९१२ रोजी पहिल्यांदा धावली, मूस यांच्या जन्माच्याच वर्षी.

जेवायचं काय आणि कुठे?

जंगलात स्वयंपाक, चूल, शेकोटी नाही. वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं. सकाळसाठी भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, केळी बांधून न्या. दर माणशी दोन लिटर पाणी; थंडीत तहान जाणवत नाही आणि मग दुपारी डोकं दुखतं. प्लास्टिक परत आणायचं.

दुपारी गावात शेवभाजी सगळीकडे मिळते. झणझणीत असते, पोटाचा अंदाज घेऊन तिखट कमी सांगा, कारण पुढे दोन तास शांतपणे उभं राहून छायाचित्रं पाहायची आहेत. हिवाळा हा भरताचा मोसम. मोठ्या हिरव्या वांग्यांचं, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली तर दुसरं काही मागवू नका.

वयस्कर माणसं आणि लहान मुलं?

आजी-आजोबांना मंदिराचं आवार, समोरचा कडा आणि दुपारी घर एवढं सहज जमतं. ओढ्यातली वाट त्यांना नको. गुडघ्यांना गोटे सोसत नाहीत. दम्याच्या रुग्णांनी पहाटेचा गार प्रवास टाळून दहानंतर पोचावं. पाच वर्षांखालच्या मुलांना घरात कडेवर घ्या किंवा हात धरा. सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना वही-पेन्सिल द्या आणि कड्याचे थर काढायला सांगा. पाहण्यापेक्षा काढण्यात त्यांना जास्त कळतं.

गाडीच्या बाबतीत काय बिघडतं?

तीन गोष्टी. पहाटे कालव्यांच्या आणि गिरणेच्या आसपास धुकं उतरतं. हेडलाइट लोवर ठेवा, हायवर धुक्याची पांढरी भिंत दिसते. दुसरं, या दिवसांत कापूस आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि ऊस बाहेर आलेला असतो. अंधारात ६० च्या वर जाऊ नका.

तिसरं, काळी माती. रब्बीचं पाणी दिलेल्या शेताच्या बांधावर गाडी उतरवली की वरून कोरडी दिसणारी माती खाली लोण्यासारखी मऊ असते आणि चाक पोटापर्यंत जातं. मुरमाच्या कडेवरच थांबा. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खाली जातं. टायरची हवा थोडी कमी करा, चाकापुढे पऱ्हाट्या किंवा पाचट घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. शेतकऱ्याला ‘दादा, जरा हात लावता का’ म्हटलं की तो येतोच. त्याच्या पिकातून मात्र गाडी वळवू नका.

परतीला किती वाजता निघावं?

गाडीने येणाऱ्यांनी पाच ते सव्वापाच. सहानंतर उजेड जातो आणि गारठा लगेच उतरतो, म्हणून सकाळी काढलेला स्वेटर डिकीत न टाकता सीटवर ठेवा. रेल्वेने आलेल्यांना घाई नाही. घर स्टेशनजवळच असल्याने सहापर्यंत रमता येतं. तिकीट मात्र सकाळी उतरल्यावरच काढून ठेवा, संध्याकाळी खिडकीवर रांग असते.